छताची मालकीण

शाहअली बंडा, हैदराबाद
४ फेब्रुवारी

जब्बारच्या सुनेस,

तुझे पत्र पोचले. तुझी अम्मी ते दोन दिवस पानदानात लपवून फिरत होती. तिसऱ्या दिवशी तिने ते माझ्या चहाच्या बशीखाली ठेवले आणि काहीच न घडल्यासारखी आत निघून गेली. तुम्ही दोघी रोज दुपारी फोनवर बोलता हे मला गेली नऊ वर्षे माहीत नाही, आणि यापुढेही माहीत असणार नाही. मी स्वतः फोनवर येणार नाही. फोनवर माणूस तोंडाला येईल ते बोलतो. लिहिताना त्याला शब्द निवडावा लागतो. मी चौथीपर्यंतच शिकलो, परंतु त्या काळच्या चौथीत शुद्ध लिहावयास शिकवीत. तुझ्या पत्रात सात चुका आहेत. ‘मशवरा’ हा साधा शब्द तू दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिला आहेस आणि दोन्ही तऱ्हा चुकीच्या आहेत. कॉलेजात तीन वर्षे तुम्ही काय करीत होता, हे आता विचारण्यात अर्थ नाही. काय करीत होता ते पुढे कळलेच.

तू विचारतेस, अर्शिया सात वर्षांची आहे, तलहा चार वर्षांचा आहे, दोघांनी घरात प्राणी हवा म्हणून हट्ट धरला आहे, तर पहिला प्राणी कोणता आणावा? सोबत यादी आहे. ती तुझ्या नवऱ्याने, सरवरने, केली असावी. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला सगळेच दुकानात मिळते असे वाटते.

मासे. काचेच्या पेटीत फिरणारे मासे मुलाला बघत बसावयास शिकवतात. ते शिक्षण तुझ्या घरात सरवरच्या मोबाइलांनी आधीच पुरे केले असेल.

ससा. ससा देखणा, भित्रा आणि नाजूक असतो. तलहा त्याला प्रेमाने उचलील, तो लाथ झाडील, तलहा त्याला टाकील आणि सशाची कंबर मोडेल. मुलांना पहिला धडा कबर खणण्याचा द्यावयाचा असेल तर ससा अवश्य आणावा.

पोपट. कायद्याने गुन्हा आहे. शिवाय तुझ्या सासऱ्याच्या सहवासात राहून तो जे बोलू लागेल, ते पाहुण्यांसमोर ऐकवेल असे नसेल.

कुत्र्याविषयी मी वाईट लिहिणार नाही. ते इमानी जनावर आहे. म्हणूनच भाड्याच्या दोन खोल्यांत त्याला खाटेच्या पायाला बांधणे हा त्याचा अपमान आहे.

आणि यादीच्या शेवटी, ‘मांजरीचे पिल्लू (सासऱ्यांची इच्छा)’. हे वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. ज्या माणसाने चाळीस वर्षे माझ्या समोरच्या छतावर कबुतरे उडवली, मग ती भले बाजारातली हलक्या जातीची का असेनात, तो आज गुडघा बदलून मुलाच्या घरी जाऊन बसला आहे आणि नातवंडांना मांजर आणून देणार आहे! कबुतरबाजाच्या घरात मांजर! मला जब्बारबद्दल कधीच आदर नव्हता, तरीही इतक्या खाली तो जाईल असे वाटले नव्हते. एक लक्षात ठेव. ज्या मुलांच्या कपड्यांना मांजरीचा वास आहे ती मुले माझ्या छतावर पाऊल ठेवू शकत नाहीत. माझी पाखरे तो वास ओळखतात. ती मुले माझ्या छतावर येणार आहेत असे मी म्हणत नाही. नियम सांगतो आहे.

मुलांना कोणता प्राणी आवडेल हे विचारणे व्यर्थ आहे; मुलांना सगळेच आवडते. विचारावयाचे ते हे, की दार उघडे टाकले तर कोण राहील? जो राहील तो पाळलेला. बाकीचे कैदी. असा प्राणी एकच आहे आणि तुझ्या यादीत तो नाही. माझ्या घरी वीस वर्षे राहून तुला तो आठवला नाही, की आठवूनही तू लिहिला नाहीस?

मी पाठवीन.

हबीबुल्ला


१० फेब्रुवारी

जब्बारच्या सुनेस,

मोईन कंडक्टर सकाळच्या बसने संगारेड्डीला येत आहे. त्याच्या पायाशी वेताची टोपली आहे, तीत माझी कबुतरी जाफरानी आहे. तिच्या पणजीला तू ओळखत होतीस. ती तुझ्या खांद्यावर बसून तुझ्या वेणीचे केस उपटीत असे. जाफरानीसारखी केशरी मानेची मादी आज साऱ्या जुन्या शहरात दुसरी नाही. जब्बारला ती दाखवावी. हात लावू देऊ नये.

सूचना. दोन्ही पंखांची पिसे मी दोऱ्याने बांधली आहेत. दोरा चाळीस दिवस सोडावयाचा नाही. चाळीस दिवसांत पाखराला नवे छत आपले वाटू लागते. बाजरी सकाळी आणि संध्याकाळी, अर्शियाने स्वतःच्या हाताने घालावी. पाण्याची मातीची कुंडी रोज घासावी, तेही तिनेच. तलहाने फक्त दुरून पाहावे. प्राणी घरात आणून त्याचे काम आईने करावयाचे, ही तुमच्याकडची रीत असेल. माझ्याकडे ज्याचे पाखरू त्याचे काम.

तुला वाटेल, पूर्ण वाढलेली मादी का, पिल्लू का नाही? पिल्लू मुलांच्या हाती टिकत नाही. इतके कारण पुरे आहे.

पहिले काही दिवस ती कमी खाईल आणि पूर्वेकडे तोंड करून बसेल. हे नेहमीचे आहे. तुझी अम्मी फोनवर तुला आमच्या कबुतरांच्या काबुकाबद्दल, विशेषतः खालच्या ओळीतल्या तिसऱ्या खणाबद्दल, काही सांगू लागेल. बायकांचे मन लहान गोष्टींत अडकते. तिकडे लक्ष देऊ नये.

हबीबुल्ला


१४ फेब्रुवारी

जब्बारच्या सुनेस,

आज दुपारी दोन वाजता जाफरानी माझ्या छतावर उतरली. डाव्या पंखात कापलेल्या दोऱ्याचा तुकडा लोंबत होता.

चाळीस दिवस सांगितले होते. तुमच्या घराला चार दिवसही निभावता आले नाहीत. सात वर्षांच्या मुलीला दोरा कापू नकोस एवढे सांगता येत नाही, आणि प्राणी कोणता आणू म्हणून विचारता! माझे मत विचारशील तर तुझ्या घराला दगड पाळण्यासही हरकत आहे. कोणीतरी तो पायावर पाडून घेईल.

नियम तू माझ्याच छतावर शिकलीस, परंतु जब्बारच्या घरी राहून नियम विसरावयास होतात, म्हणून लिहितो. ज्या दोन छतांमध्ये सुलह, म्हणजे तह, आहे, ती एकमेकांचे आलेले पाखरू परत करतात. ज्यांच्यात सुलह नाही, त्यांच्यात ज्याने धरले त्याचे. तुमच्या छतात आणि माझ्या छतात एकतीस वर्षे सुलह नाही. जाफरानी मी तुमच्या घराला दिली होती. ती तुमची झाली होती. आता ती माझ्या छतावर पडली आहे आणि मी धरली आहे. म्हणून ती माझी. जब्बारला सांग, तुझी सतरा धरली होती, ही अठरावी.

मी गल्लीत जिलेबी वाटली. अठराव्या पाखराला वाटावीच लागते. न्हावी घौस जिलेबी हातात घेऊन म्हणाला, “उस्ताद, हे पाखरू कुणाचं धरलंत?”

मी म्हणालो, “जब्बारच्या छताचं.”

“जब्बार तर गेला ना इथनं. तिकडं संगारेड्डीत तर तुमची नात राहते.”

“मग?”

“काही नाही. नातीचं पाखरू धरल्याची जिलेबी मी आजवर खाल्ली नव्हती. गोड आहे हो!” असे म्हणून तो मूर्ख दात काढीत निघून गेला. त्याच्याकडे मी आता दाढी करणार नाही.

तुझ्या अम्मीने जिलेबीला हात लावला नाही. म्हणाली, “मला साखर आहे.” तिला साखर नाही.

हबीबुल्ला


२१ फेब्रुवारी

नुजहत,

तुझे पत्र वाचले. यावेळी त्यात चूक नाही. रागात तू शुद्ध लिहितेस.

तू लिहितेस, “अब्बा, टोपलीतून काढताच मी तिचं पोट पाहिलं. पिसं झडून उघडं पडलं होतं. गळ्याची पिशवी दुधानं भरली होती आणि कुणाला पाजू म्हणून ती टोपलीभर फिरत होती. मी कबुतरबाजाची मुलगी आहे. आठ दिवसांची पिल्लं काबुकात ठेवून तुम्ही आईला धाडलंत.”

नऊ दिवसांची होती.

पिल्ले नराकडे होती आणि नर चांगला आहे, हे मी तुला लिहू शकलो असतो. लिहीत नाही, कारण ते तुलाही माहीत आहे आणि त्याने काही बदलत नाही. पिल्ले मागे ठेवलेली मादी परत येतेच. हे जब्बारलाही माहीत असते, मग मला नसेल का? दोरा सैल बांधला होता. चाळीस दिवस तो टिकणार नव्हता. ती आपसूक परत येणार, मुले रडणार, मग मुलांना घेऊन ती मागावयास कोणीतरी माझ्या दारी येणार, असा माझा हिशेब होता. कोणीतरी म्हणजे कोण, ते मी ठरवले नव्हते. तूच आलीस तर दार उघडावयाचे की नाही, तेही नाही. नऊ वर्षांपूर्वी तू समोरच्या छताच्या मुलाबरोबर निघून गेलीस, तेव्हा साऱ्या गल्लीने मला सांगितले, “उस्ताद, जाऊन आणा तिला.” मी म्हणालो, त्या छतावर पडलेले मी परत मागत नाही. तू हे वाक्य पत्रात जसेच्या तसे लिहिले आहेस. एक शब्दही बदललेला नाही. मला वाटले होते तुला कोणी सांगितले नसेल.

पण तू लिहितेस ते मला नवीन आहे, की दोरा गंमत म्हणून कापलेला नाही. तू तिसऱ्या दिवशी अर्शियाला खरे सांगितलेस. “तिची बाळं तिकडं आहेत.” दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेची कात्री घेऊन छतावर गेली. दोरा तिनेच कापला. स्वतःच्या ओंजळीत घेऊन तिनेच उडवली. नंतर दोन दिवस जेवली नाही, ते पाखरू गेले म्हणून नाही, तर ते वाटेत चुकले तर काय, या काळजीने. आणि हे सारे घडत होते तेव्हा मी जिलेबी वाटत होतो.

जब्बारने अर्शियाला काय म्हटले तेही तू कळवले आहेस. “कबुतर उडून जातं. तुझा नाना पाखरू देतो आणि परतही घेतो. शुक्रवारी मांजर आणतो, मांजर कुठं जात नाही.” मांजराविषयी त्याचे ज्ञान त्याच्या कबुतरांविषयीच्या ज्ञानाइतकेच आहे, मांजर तीन घरी दूध पिते. परंतु मधले वाक्य तो बरोबर बोलला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. त्याला कळवू नकोस.

पत्रासोबत अर्शियाची चिठ्ठी होती. अक्षर वाकडे आहे. तेलुगू शाळेत घातल्याचे हे फळ. तीत एकच ओळ आहे. “नाना, तिच्या पिल्लांनी तिला ओळखलं का?” पाखरू परत द्या, असे तिने कोठेही लिहिलेले नाही. मी चिठ्ठी दोन्ही बाजूंनी पाहिली.

तुझ्या अम्मीला वाचून दाखवली. ती भाजी निवडीत होती. म्हणाली, “नऊ वर्षं मी हाच प्रश्न तुम्हाला विचारायचं टाळलं. पोरीनं विचारला. द्या आता उत्तर.” मग भाजी तशीच टाकून उठली आणि आज दुपारी मला जेवण स्वतः वाढून घ्यावे लागले.

मी जाफरानीच्या तिसऱ्या खणाजवळ बराच वेळ बसलो होतो. तुला याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

शुक्रवारला अजून सात दिवस आहेत. एवढे मात्र कर, मांजर शुक्रवारच्या आत घरात येऊ देऊ नकोस.

हबीबुल्ला


२५ फेब्रुवारी

संगारेड्डी येथील छताची मालकीण अर्शिया यांस,

हे पत्र आपणांस आहे. आपल्या आईने ते वाचून दाखवावे, मधे स्वतःचे काही घालू नये.

आपल्या दोन चुका आधी सांगतो. ‘पिल्लांनी’ या शब्दात आपण एक अक्षर गाळले आहे, आणि पत्राच्या शेवटी नाव लिहिलेले नाही. ज्याला आपल्या नावाची किंमत आहे त्याने ते लिहावे.

आता माझी एक चूक. जाफरानी माझ्या छतावर उतरली तेव्हा मी ती धरली असे समजलो. चुकून भरकटलेले पाखरू धरतात. आपण जाफरानीचा दोरा कापलात, तिला स्वतःच्या ओंजळीत घेतलेत आणि माझ्या छताकडे तोंड करून उडवलीत. ज्या पाखराला मालक स्वतःच्या हाताने समोरच्या छताकडे धाडतो, ते धरलेले नसते. ते सुलहचे पाखरू असते. हा नियम माझ्या उस्तादांनी मला शिकवला आणि त्यांना त्यांच्या उस्तादांनी. आपण तो कोणी न शिकवता पाळलात. आपल्या दादांना, म्हणजे जब्बारला, तो चाळीस वर्षांत कळला नाही, आणि मला या वेळी दहा दिवस लागले. जिलेबी वाटून झाली होती. ती आता परत घेता येत नाही, परंतु काल मी गल्लीत उभा राहून मोठ्याने सांगितले की ते अठरावे पाखरू नव्हते, माझा समज चुकीचा होता. घौस न्हावी टाळ्या वाजवीत होता. त्याच्याकडेच दाढी करून घेतली, कारण प्रवासाला निघताना गाल स्वच्छ असावेत.

सुलह छताच्या मालकाशी होते. आपल्या घरी छतावर कोणाचे पाखरू होते? आपले. म्हणून मालकीण आपण. आपल्या दादांशी माझे पूर्वीप्रमाणेच काही बोलणे नाही, हे त्यांना सांगावे. त्यांनाही बरे वाटेल.

ज्याला सुलहचे पाखरू मिळाले, त्याने उत्तर म्हणून स्वतः जावयाचे असते. मी गुरुवारी मोईनच्या बसने येत आहे. वाट दोन तासांची आहे. इतकी थोडी आहे हे मला तिकीट विचारावयास गेलो तेव्हा कळले. आपल्या नानी सोबत येत आहेत. त्यांना येऊ नका म्हणणे मला जमले नाही. त्यांनी सोमवारीच बुरखा इस्त्री करून ठेवला आहे.

टोपलीत जाफरानी नसेल. तिचे घर हेच आहे, आणि जिचे घर दुसरे आहे तिला बांधून ठेवू नये हे आपण मला दाखवलेत. टोपलीत तिची दोन पिल्ले असतील. ती आता आईच्या मदतीशिवाय दाणे टिपू लागली आहेत. पंख भरले आहेत, परंतु अजून एकदाही उडालेली नाहीत. त्यांनी आकाश पाहिलेले नाही. ज्या छतावरून ती पहिल्यांदा आकाश पाहतील ते छत त्यांचे. त्यांना दोरा लागत नाही. लहान मुलांना पहिले पाखरू द्यावयाचे तर असेच द्यावयाचे असते. हे मला ४ फेब्रुवारीलाही माहीत होते. पिल्लू मुलांच्या हाती टिकत नाही, असे मी १० तारखेच्या पत्रात आपल्या आईला लिहिले ते खोटे होते. ते एक वाक्य त्या पत्रातून कापून टाकावे.

शुक्रवारची मांजर घरात आणू देऊ नये. ही माझी एकमेव अट आहे. मांजर आधीच आले असेल, तर मी टोपली घेऊन परत जाईन. आपल्यावर रागावून नाही, पिल्लांसाठी.

आपल्या प्रश्नाचे उत्तर. ओळखले. धाकट्याने आधी. मोठ्याने थोडा वेळ पाठ फिरवली आणि मग चोच उघडली.

रीत अशी आहे. मी खाली रस्त्यावर उभा राहीन आणि मालकाच्या नावाने एकदाच हाक मारीन, “अर्शिया उस्ताद!” आपण वरून “वर या” म्हणालात तर वर येईन. काही म्हणाला नाहीत, तर टोपली पायरीवर ठेवून निघून जाईन. पाखरे तरीही आपलीच. नियमाप्रमाणे दार छताच्या मालकिणीनेच उघडावयाचे असते, दुसऱ्या कोणी नाही. हे आपल्या आईला समजावून सांगावे. परंतु दार उघडताना ती आपल्या मागे उभी राहिली, तर त्याविरुद्ध कोठेही नियम नाही. मी सगळे नियम पुन्हा एकदा आठवून पाहिले.

आपला,
नाना हबीबुल्ला